नमाजाची रांग आणि गावाची उतरंड



हा धडा एका नाजूक गोष्टीविषयी आहे. मुसलमान समाजात जाती आहेत की नाहीत? हा प्रश्न चावडीवर कोणी काढला की लगेच दोन बाजू पडतात. एक जण म्हणतो, "छे! आमच्यात जात नाही. आम्ही सगळे भाऊभाऊ." दुसरा म्हणतो, "जात नाही ना? मग सोयरीक जमवताना आधी काय विचारता, ते सांगा की." पहिला गप्प बसतो.

आम्हांला वाटते, दोघांचेही बोलणे खरे आहे. पहिला धर्माचे बोलतो. दुसरा गावाचे बोलतो. धर्म एक सांगतो आणि गाव दुसरेच करते. हे कसे झाले? यात कोणाचे नुकसान झाले? आणि आज आपण काय करावे? हे या धड्यात पाहू. धडा जरा मोठा आहे. एका रात्रीत संपला नाही तरी चालेल. दोन-तीन रात्रींत वाचा.

हा धडा फक्त मुसलमान वाचकांसाठी नाही, बरं का. आपल्या धाराशिव जिल्ह्यात दर दहा माणसांमागे साधारण एक मुसलमान आहे. म्हणजे बहुतेक गावांत मुसलमानांची चार घरे असतातच. शेजाऱ्याचे सुखदुःख कळले तर गाव नीट चालते. म्हणून सगळ्यांनी वाचावे.

१. धर्म काय सांगतो?

मशिदीत नमाजाला लोक रांगेत उभे राहतात. त्या रांगेला 'सफ' म्हणतात. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, असा नियम आहे. जो आधी आला तो पुढे उभा राहतो. जमीनदार उशिरा आला तर तो मागे. मजूर लवकर आला तर तो पुढे. "तू कोण? मागे सरक," असे कोणी म्हणायचे नाही. ज्याला कुराण नीट म्हणता येते आणि ज्याची वागणूक चांगली आहे, तो इमाम होऊ शकतो. त्यासाठी अमक्याच घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही.

हजच्या यात्रेतही असेच आहे. राजा असो की रंक, पुरुषाने दोन बिनशिवणीची पांढरी कापडे अंगावर घ्यायची. त्या गर्दीत कोण श्रीमंत आणि कोण गरीब ते ओळखू येत नाही.

कुराणाची शिकवण अशी आहे, की सगळी माणसे एका जोडप्याची लेकरे आहेत. निरनिराळी कुळे आहेत ती एकमेकांची ओळख पटावी म्हणून. मोठा कोण? ज्याचे आचरण चांगले तो. महंमद पैगंबरांनी इ. स. ६३२ मध्ये शेवटची हजयात्रा केली. त्या वेळी त्यांनी लोकांना हेच बजावले, की अरब माणूस इतरांहून जन्माने मोठा नाही. त्यांचे एक साथीदार होते बिलाल. ते काळ्या वर्णाचे होते आणि आधी गुलाम होते. त्यांची गुलामीतून सुटका झाली. पुढे अजान देण्याचा पहिला मान त्यांनाच मिळाला.

तेव्हा "आमच्या धर्मात जात नाही," असे जो म्हणतो, त्याचे बोलणे खोटे नाही.

२. गाव काय करते?

आता गावात येऊ. घराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असते. सर्वांत मोठे मडके खाली. त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार. वरच्या मडक्यावर कोणाचाच भार नाही. आपल्या देशात माणसांचीही अशीच उतरंड रचली गेली. हिंदूंची उतरंड आपल्याला माहीत आहे. मुसलमानांतही एक उतरंड आहे.

वरच्या बाजूला चार नावे सांगतात. सय्यद, शेख, मोगल आणि पठाण. सय्यद म्हणजे पैगंबरांची कन्या फातिमा यांच्या वंशातले. शेख म्हणजे अरबस्तानातल्या जुन्या घराण्यांतले. मोगल म्हणजे मध्य आशियातून आलेले. पठाण म्हणजे अफगाण मुलखातून आलेले. ही घराणी म्हणतात, "आम्ही बाहेरून आलो. आमच्यात राज्यकर्ते होते, शिपाई होते, काझी होते." म्हणून ती स्वतःला खानदानी समजतात.

पण आपल्या देशातले बहुतेक मुसलमान कोठून बाहेरून आलेले नाहीत. ते याच मातीतले. कोणी विणकर होते, कोणी कापूस पिंजणारे होते, कोणी पाने विकणारे होते. त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम धर्म स्वीकारला. कोणी सूफी संतांच्या ओढीने स्वीकारला, कोणी आणखी काही कारणाने. धर्म नवा झाला. पण धंदा तोच राहिला, गल्ली तीच राहिली आणि सोयरेही तेच राहिले. अशा एका धंद्याच्या लोकांची जी जमात झाली तिला 'बिरादरी' म्हणतात.

काशीचे संत कबीर सर्वांना ठाऊक आहेत. वारकरीही त्यांचे नाव आदराने घेतात. कबीर जुलाहा होते. जुलाहा म्हणजे विणकर. आज शेकडो वर्षे लोटली, तरी कबीर म्हटले की लोक म्हणतात, "तो जुलाहा." धंद्याचे नाव माणसाला असे चिकटते.

३. आपल्या जिल्ह्यातल्या बिरादऱ्या

आपल्या भागातली नावे आठवून पाहा. बहुतेक नावांत एक धंदा सापडेल.

बागवान फळे आणि भाजीपाला विकतो. तांबोळी विड्याची पाने विकतो. अत्तार अत्तर आणि सुगंधी माल विकतो. मणियार बांगड्या भरतो. पिंजारी कापूस पिंजून गाद्या भरतो. त्याला कोठे नदाफ म्हणतात, कोठे मन्सुरी. मोमीन कापड विणतो. शिकलगार हत्याराला धार लावतो. कुरेशी मांसाचा धंदा करतो. मुजावर दर्ग्याची सेवा करतो. फकीर ऊद जाळून दारोदार जातो आणि दुवा देतो.

मुलाणी तर गावगाड्यातला माणूस. जत्रेत किंवा लग्नकार्यात बकरे कापायचे झाले तर मुलाण्याला बोलावतात. मराठ्याच्या घरचे बकरे असले तरी सुरी मुलाण्याची. मग त्याला त्याचा वाटा मिळे आणि सुगीला खळ्यावर धान्य मिळे. सुताराला आणि लोहाराला जसे बलुते, तसेच त्यालाही.

यात एक चांगली गोष्ट होती. गावात एकमेकांवाचून कोणाचे चालत नसे. मणियारीण आली की पाटलाची सून हात पुढे करून बसे. "मावशी, हिरव्या भरा, पण सैल नको," असे म्हणे. मोहरमच्या सवाऱ्यांपुढे हिंदूही नवस बोलत. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसोद्दीन गाजी यांचा दर्गा आहे. तेथील उरुसाला आजही सर्व धर्मांचे लोक जातात.

पण यात एक वाईट गोष्टही होती. काम जन्माने चिकटले. बापाचे काम तेच मुलाचे काम. आणि कामावरून मान ठरला. अत्तर विकणारा जरा वर, कापूस पिंजणारा जरा खाली, मैला उचलणारा सर्वांत खाली. जन्माने चिकटलेल्या कामाचा हा जाच दलितांना सर्वांत जास्त होता. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला आले होते. मुसलमानांतही जातिभेद शिरला आहे, हे बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यासाठी त्यांनी बंगालच्या १९०१ च्या खानेसुमारीचा, म्हणजे जनगणनेचा, दाखला दिला.

४. राज्य निजामाचे, घर गरिबाचे

कोणी म्हणेल, "अहो, इथे तर निजामाचे राज्य होते. मुसलमानांना काय कमी होते?" हा गैरसमज दूर केला पाहिजे.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे नाव उस्मानाबाद पडले होते. २०२३ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव पुन्हा धाराशिव झाले. निजाम मुसलमान होता, हे खरे. पण राजा आपल्या धर्माचा असला म्हणून पिंजाऱ्याच्या चुलीवर जास्त भाकरी भाजल्या जात नव्हत्या. मोठी जहागीर थोड्या घराण्यांची. त्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. खेड्यातला तांबोळी डोक्यावर पाटी घेऊन बाजार करत होता. मुलाणी खळ्यावर धान्यासाठी थांबत होता.

संस्थानाच्या शेवटच्या काळात रझाकारांनी लोकांचा छळ केला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. त्या धामधुमीत आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचे सांगितले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव होते. ज्यांना राज्याचा वाटा कधी मिळाला नाही, अशा गरीब कारागिरांनाही ती झळ सोसावी लागली.

यावरून काय दिसते? बाहेरचा माणूस सगळ्या मुसलमानांना एका मापाने मोजतो. नवाब तोच आणि पिंजारी तोच, असे धरतो. पण आत पाहिले तर दोघांच्या घरात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

५. सोयरीक जमवताना

उतरंड सर्वांत जास्त दिसते ती लग्नात. एकत्र नमाज होते. ईदला गळाभेट होते. शिरखुर्मा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पण मुलीचे लग्न ठरवायचे आले की बिरादरी आठवते.

समजा, एका सय्यद घरातली आई आपल्या भावाला सांगते,

"भाईजान, मुलगा गुणाचा आहे. शिकलेला आहे. पान नाही, तंबाखू नाही. घरी चार शेळ्या आणि दोन एकर रान आहे."

भाऊ म्हणतो, "सगळं खरं, आपा. पण ते पिंजारी आणि आपण सय्यद. बिरादरी काय म्हणंल?"

"बिरादरी येईल का माझ्या पोरीचा संसार करायला?"

भाऊ काही बोलत नाही. मुलगा नाकारला जातो. मुलीला तर कोणी विचारतच नाही.

अशी बोलणी किती घरांत होत असतील! तांबोळी बागवानाला देत नाही. बागवान पिंजाऱ्याला देत नाही. पिंजारी फकिराला देत नाही. प्रत्येक जण वरच्याकडे पाहून कुरकुरतो आणि खालच्याकडे पाहून नाक मुरडतो. उतरंडीचे हेच दुखणे आहे. प्रत्येक मडक्याला आपल्याखाली एक मडके आहे याचेच समाधान.

काही जण यासाठी धर्माचा आधार देतात. पूर्वीच्या काही धर्मपंडितांनी लग्नात जोड जुळावी म्हणून घराणे आणि धंदा पाहावा, असे लिहिले होते. त्याला 'कुफू' म्हणतात. पण पुष्कळ विद्वान मुसलमानांनी याला हरकत घेतली आहे. ते म्हणतात, की जोड पाहायची तर स्वभावाची आणि आचरणाची पाहा.

मान मिळावा म्हणून लोक नावही बदलतात. उत्तर हिंदुस्थानात एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ असा, की यंदा मी जुलाहा आहे. धंदा चालला की पुढच्या वर्षी शेख होईन. आणि पीक चांगले आले की त्याच्या पुढच्या वर्षी सय्यद! आपल्याकडेही किती तरी घरांनी 'शेख' हे नाव लावले. त्यात त्यांचा दोष काय? ज्या नावाने लोक हिणवतात ते नाव माणूस टाकून देणारच. पण त्याचा एक तोटा झाला. तो पुढे सांगू.

६. मागे राहिलेले

जुन्या पुस्तकांत मुसलमानांचे तीन थर सांगितलेले आढळतात. वरचे ते 'अश्राफ', म्हणजे कुलीन. त्यांच्याखालचे कारागीर आणि धंदेवाले ते 'अजलाफ'. आणि मैला उचलण्यासारखी कामे ज्यांच्यावर लादली ते 'अरजल'. अजलाफ आणि अरजल या शब्दांचे अर्थ हलका आणि नीच असे आहेत. माणसाने माणसाला असे म्हणणे बरे नाही. हे शब्द आम्ही दिले ते माहितीसाठी. वापरण्यासाठी नाही.

आता एक नवा शब्द आला आहे. 'पसमांदा'. तो फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ मागे राहिलेले. १९९८ साली बिहारमधील अली अन्वर यांनी या नावाने संघटना उभी केली. हा शब्द शिवी देत नाही. तो फक्त वस्तुस्थिती सांगतो.

केंद्र सरकारने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २००६ साली आला. मुसलमान समाज एकसारखा नाही, असे तिने लिहिले. तिने सरकारी पाहणीतले आकडे दिले. त्यांप्रमाणे देशातल्या दर १०० मुसलमानांमागे सुमारे ४१ जण इतर मागासवर्गातले होते. म्हणजे शंभरांतले चाळीस जण कारागीर आणि मेहनती बिरादऱ्यांचे.

७. कायदा काय सांगतो?

भारताची घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिने अस्पृश्यता बंद केली. जन्मावरून भेद करायचा नाही, असे सांगितले. पण जे पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिले त्यांना हात देण्याची सोयही ठेवली.

येथे दोन वाटा झाल्या. त्या नीट समजून घ्या.

पहिली वाट अनुसूचित जातींची. १९५० च्या आदेशाने ती फक्त हिंदूंना दिली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. मुसलमान आणि ख्रिस्ती त्यातून बाहेर राहिले. म्हणून मैला उचलणारा मेहतर मुसलमान असेल, तर काम तेच, हाल तेच, पण ही सवलत त्याला नाही. हा अन्याय आहे असे कित्येकांचे म्हणणे आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

दुसरी वाट इतर मागासवर्गाची. तिला लोक 'ओबीसी' म्हणतात. या वाटेवर धर्माची अट नाही. धंदा आणि मागासलेपण पाहतात. मंडल आयोगाने १९८० साली आपला अहवाल दिला. त्यात मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्याही होत्या. १९९० साली केंद्र सरकारने त्यातली नोकऱ्यांची शिफारस मान्य केली. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आपल्या मराठवाड्याला याचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. ते गावोगाव फिरले. "आपल्या बिरादरीचे नाव सांगायला लाजू नका," असा त्यांचा सांगावा होता. नामवंत नट दिलीपकुमार, म्हणजे युसूफ खान, हेही या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले. ते स्वतः फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव होते. या चळवळीच्या रेट्याने १९९४ साली महाराष्ट्र सरकारने मुसलमान मागास बिरादऱ्यांना सवलती देण्याविषयी आदेश काढला.

२०१४ साली राज्य सरकारने मुसलमानांतल्या मागास घटकांसाठी ५ टक्के राखीव जागांचा वेगळा वटहुकूम काढला. उच्च न्यायालयाने त्यातला नोकऱ्यांचा भाग थांबवला आणि शिक्षणाचा भाग चालू ठेवला. पण पुढे त्याचा कायदा झाला नाही. म्हणून तो वटहुकूम संपून गेला. ओबीसीची जुनी वाट मात्र उघडी राहिली. पिंजारी, मोमीन, तांबोळी, बागवान, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या तिच्यात आहेत.

८. शाळेच्या रजिस्टरातला एक रकाना

आता तोटा कोठे होतो ते पाहा. शाळेत मुलीचे नाव घालायला बाप आला आहे, असे समजू. त्याचा बाप गावोगाव पिंजण घेऊन फिरत असे. आता पिंजण गेले. गाद्या तयार मिळतात. हा बाप बांधकामावर मजुरी करतो. नाव लावतो शेख.

गुरुजी विचारतात, "जात काय लिहू?"

बाप म्हणतो, "लिहा की गुरुजी, मुसलमान."

"तो धर्म झाला, भाई. तो या रकान्यात लिहिला. जातीच्या रकान्यात काय लिहू?"

"आमच्यात जात कुठं असती? मुसलमानच लिहा."

गुरुजींना घाई असते. मागे आणखी दहा जण उभे असतात. ते लिहून टाकतात.

बारा वर्षे जातात. मुलगी हुशार निघते. तिला परिचारिका व्हायचे असते. कॉलेजात अर्ज भरताना ती विचारते, "अब्बा, आपण ओबीसी ना? दाखला कुठं आहे?" बाप जुने कागद काढतो. एकाही कागदावर पिंजारी हा शब्द नाही. सगळीकडे मुसलमान, नाही तर शेख. नुसते 'शेख' लिहिलेले असले तर पिंजाऱ्याचा दाखला मिळत नाही. मुलीचे गुण कमी नव्हते. एका रकान्यातला एक शब्द कमी पडला.

ज्या शब्दाची लाज वाटून बापाने तो झाकला, तोच शब्द मुलीला पुढे नेणार होता.

९. मग काय करावे?

एक: मुलाचे नाव शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात धर्म सांगा. जातीच्या रकान्यात आपल्या बिरादरीचे खरे नाव सांगा. गुरुजींनी लिहिलेले वाचून पाहा. तुम्हांला आता वाचता येते! शाळा सुटल्यावर ही नोंद बदलणे फार अवघड जाते.

दोन: जुने कागद जपा. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारतात. भटक्या आणि विमुक्त जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद, यांपैकी काहीही उपयोगी पडते. वडिलांकडच्या नातेवाइकांचे कागदही चालतात. म्हणून चुलत्याकडे, आत्याकडे विचारा.

तीन: निजामाच्या काळातले कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. वाचता येत नाही म्हणून ते फेकू नका. उर्दू जाणणाऱ्याला किंवा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पावसापासून आणि वाळवीपासून सांभाळा.

चार: सगळ्या कागदांवर नुसते 'मुसलमान' लिहिले असेल तरी लगेच निराश होऊ नका. अर्ज करा. धंद्याची, नातेवाइकांची आणि चालीरीतींची चौकशी होऊ शकते.

पाच: दाखल्यासाठी सेतू केंद्रात किंवा तहसील कचेरीत चौकशी करा. आपली बिरादरी यादीत कोणत्या नावाने आहे ते तेथे विचारा. दाखला मिळाल्यावर जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून तो तपासून घ्यावा लागतो. हे काम बारावीच्या निकालापर्यंत ठेवू नका. आधीच उरका.

सहा: खोटी जात कधीही सांगू नका. खोटा दाखला पकडला गेला तर प्रवेश जातो, नोकरी जाते आणि शिक्षाही होते. शिवाय आपण कोणा गरजवंताची जागा घेतली, हे पाप वेगळेच.

१०. जात लिहायची की मोडायची?

आता तुमच्या मनात एक शंका येईल. "तुम्ही वर म्हणता, उतरंड वाईट. आणि खाली म्हणता, जात लिहा. हे कसे?"

शंका बरोबर आहे. उत्तर ऐका. आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर कागदावर रोगाचे नाव लिहितो. रोग आवडतो म्हणून तो लिहीत नाही. औषध नेमके मिळावे म्हणून लिहितो. "मला रोगाची लाज वाटते, कागदावर नाव लिहू नका," असे म्हटले तर औषध मिळत नाही. आणि रोग काही जात नाही. दाखल्यावरचे बिरादरीचे नाव हे असे आहे. ते कागदावर असावे. ते मनात आणि पंगतीत नसावे.

धंद्याच्या नावाची लाज कशाला? पिंजाऱ्याच्या गादीवर सगळे गाव झोपले. मोमिनाने विणलेले कापड सगळ्यांनी नेसले. मणियारणीने भरलेल्या बांगड्या घालून सगळ्या जातींच्या मुली सासरी गेल्या. घाम गाळून मिळवलेली भाकरी हलकी कशी होईल?

आणि ज्यांच्या वाट्याला वरची जागा आली आहे, त्यांनाही आमची विनंती आहे. सय्यद, शेख, पठाण घराण्यांतही गरीब पुष्कळ आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. पण गरिबी वेगळी आणि जन्मावरून होणारा अपमान वेगळा. चांगले स्थळ आले तर बिरादरी विचारण्याआधी मुलाचे वागणे विचारा. आणि मुलीला तिचे मन विचारा. मशिदीत ज्याच्या खांद्याला खांदा लावला, त्याच्याशी व्याह्याचे नाते जोडायला अडचण कसली?

हिंदू वाचकांनीही आपल्या घराकडे पाहावे. "त्यांच्यातही जाती आहेत," म्हणून हसणे सोपे आहे. आपल्या घरातली उतरंड आपण मोडली का, हे आधी पाहावे.

नमाजाची रांग रोज पाच वेळा लागते. ती मशिदीच्या दारातून बाहेर आणायची आहे. गल्लीत, लग्नमंडपात आणि ग्रामपंचायतीत आणायची आहे. हे काम कायदा एकटा करू शकत नाही. ते तुम्हां-आम्हांलाच करावे लागेल.

वाचा आणि सांगा

१. नमाजाच्या रांगेत पुढे कोण उभे राहतो?
२. तुमच्या गावात कोणकोणत्या मुसलमान बिरादऱ्या आहेत? त्यांचे जुने धंदे कोणते? आज त्या घरांतले लोक काय काम करतात?
३. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना यांत काय फरक आहे?
४. ओबीसीच्या दाखल्यासाठी कोणत्या तारखेपूर्वीचा पुरावा विचारतात?
५. तुमच्या मुलांच्या शाळेतल्या नोंदीत काय लिहिले आहे? उद्या जाऊन स्वतः वाचा.
६. सय्यद आईने आपल्या भावाला जो प्रश्न विचारला, त्याला तुम्ही काय उत्तर द्याल? वर्गात बोला.

नवे शब्द

सफ: नमाजाची रांग.
उतरंड: एकावर एक रचलेली मडकी.
बिरादरी: एका धंद्याच्या किंवा नात्याच्या लोकांची जमात.
रकाना: कागदावरचा आखलेला कप्पा.
पसमांदा: मागे राहिलेले.
वटहुकूम: सभागृहात कायदा होण्यापूर्वी सरकारने काढलेला तात्पुरता हुकूम.
पडताळणी: खरे-खोटे तपासणे.